कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये मेटाफेज सापडेना, आणि सापडलं तिथे गुणसूत्रं तुटलेली दिसतात

टीवाय_बॉटनी

नमस्कार. बी.एस्सी. तिसरं वर्ष, सोलापूर. प्रकल्पासाठी कांद्याच्या मुळाग्रांच्या स्लाइड करतेय. अडलंय ते असं.

मार्केट यार्डातून आणलेले कांदे पाण्याच्या ग्लासवर ठेवते. तीन दिवसांत मुळं येतात, पण काहींची टोकं पिवळट पडतात. मुळं ०.०५ टक्के कोल्चिसिनमध्ये (विभाजन मध्येच अडवणारं रसायन) ३ तास, मग कार्नॉय या स्थिरीकारकात रात्रभर, मग १ नॉर्मल एचसीएलमध्ये गरम करून अ‍ॅसिटोकार्मिनचा रंग. स्लाइडवर जिकडे पाहावं तिकडे इंटरफेज, म्हणजे विभागत नसलेल्या पेशी. अख्ख्या स्लाइडमध्ये पाच-सहा मेटाफेज (गुणसूत्रं मध्यावर रांगेत आलेली) मिळतात, तेही एकावर एक चढलेले, त्यामुळे कांद्याची १६ गुणसूत्रं मोजता येत नाहीत.

दुसरी गोष्ट. एका संचात कोल्चिसिन न घालता मुळं सूत रंगवण्याच्या एका कारखान्याच्या सांडपाण्यात ठेवली होती. तिथे अ‍ॅनाफेजमध्ये (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात तेव्हा) दोन ध्रुवांच्या मध्ये धागा दिसतो, एका पेशीत तर दोन समांतर धागे आणि बाजूला सुटा तुकडा. हे खरोखर गुणसूत्र तुटणं की दाबताना झालेला घोळ? आणि एस अवस्थेत डीएनए दुप्पट होतो तर त्यानंतरच्या जी-२ अवस्थेतल्या पेशीत ३२ गुणसूत्रं का म्हणायची नाहीत, हे तोंडी परीक्षेत विचारतात. त्याचं उत्तर पाठ आहे, समजलेलं नाही.

कार्मिन४५

आधी एक धीर. जिकडेतिकडे इंटरफेज दिसणं ही चूक नव्हे. कांद्याच्या मुळाग्रात २० अंश सेल्सिअसच्या आसपास एक पेशीचक्र साधारण १७ तासांचं असतं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ डीएनए दुप्पट करण्यात जातो. चांगल्या मुळात १००० पेशी मोजल्या तर विभाजनात सापडतात ८० ते १२०. त्यातही बहुतेक प्रोफेज, म्हणजे विभाजनाच्या सुरुवातीला. मेटाफेज दहा-वीस मिळाले तरी पुष्कळ. पण तुम्हाला अख्ख्या स्लाइडमध्ये पाच-सहाच मिळतात म्हणजे मूळच वाढत नाहीये. पिवळं टोक तेच सांगतं.

पहिलं कारण तापमान. कांद्याचं मूळ २० ते २५ अंशांत जोमाने वाढतं, तिशीच्या पुढे वाढ मंदावते. सोलापुरात मार्च उजाडला की प्रयोगशाळेतल्या ग्लासातलं पाणी दुपारी सहज तिशी ओलांडतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे विभाजन जवळपास थांबतं. मातीच्या पसरट भांड्यात पाणी घालून त्यात ग्लास बुडते ठेवा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळा. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून हा उपाय इथे मुंबईपेक्षा खूप चांगला चालतो. पाण्यात थर्मामीटर घालून दुपारी ३ वाजता वाचन घ्या. सकाळचं वाचन फसवं असतं.

दुसरं पाणी. नळाचं पाणी लगेच वापरलं तर क्लोरीनने कोवळं टोक जळतं. उघड्या बादलीत रात्रभर ठेवून सकाळी वापरा. बोअरचं पाणी नकोच, क्षार जास्त असतात. आणि रोज पाणी बदला. कांद्याचा फक्त बूड पाण्याला टेकला पाहिजे. अर्धा कांदा बुडला की खालचे पापुद्रे कुजतात, त्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि टोकं पिवळी पडतात.

तिसरं, कांदा कोणता. गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारी) आसपास यार्डात जो लाल खरीप कांदा ढिगाने येतो तो टिकाऊ नसतो, पण आपल्या कामाला तोच चांगला, कारण त्याची सुप्तावस्था थोडी असते. उन्हाळी गावरान कांदा काढणीनंतर बरेच आठवडे झोपलेला असतो. तो घेतलाच तर बुडावरच्या जुन्या वाळक्या मुळ्या ब्लेडने अलगद खरवडून काढा, पण बुडाच्या कडेचं वर्तुळ कापू नका. नवीन मुळांचे कोंब तिथेच असतात. साठवणीसाठी मॅलिक हायड्राझाइड फवारलेला किंवा गॅमा किरणं दिलेला कांदा चालणार नाही. लासलगावला कांद्यावर किरणांचा मारा करण्याचं केंद्र आहे, आणि त्या मात्रेचा हेतूच कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबवणं हा असतो. मॅलिक हायड्राझाइड तर स्वतःच वनस्पतींची गुणसूत्रं तोडतं, म्हणजे तुमचा नियंत्रण संचही बिघडेल. व्यापाऱ्याला विचारून घ्या, किंवा सरळ कांद्याचं बी ओल्या टिपकागदावर रुजवा. चार-पाच दिवसांत एक सेंटिमीटरचं मूळ मिळतं आणि सगळी रोपं एकाच वयाची असतात. मात्र बुरशीनाशकाचं रंगीत लेपण असलेलं बी घेऊ नका. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं ट्युब्युलिनवर (ज्या प्रथिनाचे विभाजनातले धागे बनतात) काम करतात, कोल्चिसिनही तिथेच घाव घालतं.

आता रसायनं. कार्नॉय म्हणजे ३ भाग निर्जल इथेनॉल आणि १ भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल. हे मिश्रण दर वेळी ताजं करायचं. ठेवून दिलं की दोन्ही मिळून इथिल अ‍ॅसिटेट होत जातं आणि स्थिरीकरण कच्चं राहतं. बाटलीला फळांसारखा गोडसर वास आला की फेकून द्या. दुकानातलं निळं किंवा जांभळं मिथिलेटेड स्पिरिट अजिबात नको. मुळांच्या आकारमानाच्या दहा-वीस पट द्रव हवा, २४ तास ठेवा. लगेच काम नसेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये ठेवा.

१ नॉर्मल एचसीएल करताना संहत आम्लाचं ८.५ मिली पाण्यात सोडून १०० मिली करा, आम्ल पाण्यात, उलटं नाही. ६० अंशांवर ८ ते १० मिनिटं. हे ६० अंश म्हणजे वॉटर बाथमधलं, दिव्यावर धरून अंदाजाने नव्हे. कमी झालं तर पेशी सुट्या होत नाहीत आणि एकावर एक चढतात. तुमची १६ मोजता न येण्याची तक्रार बहुतेक इथलीच आहे. जास्त झालं तर मुळाचा लगदा होतो आणि केंद्रकं फिकी पडतात.

कार्मिन १ ग्रॅम, ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल १०० मिली (४५ मिली ग्लेशियल अधिक ५५ मिली पाणी). अर्धा तास मंद उकळा, गार करून गाळा, काळ्या बाटलीत भरा. स्लाइडवर रंगाच्या थेंबात लोखंडी सुईने मूळ फोडलं की लोहाचे कण मिसळून रंग गडद चढतो. स्टीलच्या चिमट्याने ते होत नाही.

मुळाचं फक्त शेवटचं दीड-दोन मिलिमीटर ठेवा. आम्लातून काढल्यावर टोक दाट दुधी दिसतं, वरचा भाग पारदर्शक. पारदर्शक भागातल्या पेशी फक्त लांब होतात, विभागत नाहीत. तो ठेवलात तर स्लाइड लांबट इंटरफेजने भरणारच. अगदी टोकावरची टोपी सुईने खरवडा. कव्हरस्लिप ठेवल्यावर पेन्सिलच्या मागच्या टोकाने मधोमध हलके ठोके, पाच-दहा सेकंद दिव्यावरून फिरवणं (उकळी नाही), मग टिपकागद घडी घालून अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप केसभरही बाजूला सरकली की गुणसूत्रं ओढली जातात आणि खोटे पूल (दोन ध्रुवांमधले तुम्हाला दिसले तसे धागे) तयार होतात.

जुळे_सोलापूर

कार्मिन यांनी तंत्राचं सगळं सांगितलं, पण प्रकल्पाच्या रचनेत एक मुद्दा राहतोय. कोल्चिसिन तर्कूचे, म्हणजे गुणसूत्रं ध्रुवांकडे ओढणारे, धागे बनू देत नाही. म्हणजे पेशी मेटाफेजमध्ये अडकते आणि अ‍ॅनाफेज होतच नाही. १६ मोजायचे असतील तर कोल्चिसिन हवं. पूल, मागे पडलेली गुणसूत्रं, तुकडे बघायचे असतील तर कोल्चिसिन नको. दोन वेगळे संच लागतात. तुम्ही नकळत ते केलंच आहे, फक्त अहवालात स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

कोल्चिसिन विषारी आहे, हातमोजे घाला. कळलावीच्या कंदात आणि बियांत तेच असतं. कॉलेजला परवडत नसेल तर पॅराडायक्लोरोबेंझीनचं संपृक्त द्रावण १२ ते १५ अंशांवर ३ तास, मोजणीला उत्तम चालतं. कोल्चिसिनमध्ये जास्त वेळ ठेवलं तर क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती) वेगळे होतात पण पेशी विभागत नाही, आणि ३२ गुणसूत्रांची पेशी मिळते. तुम्हाला क्वचित ३२ दिसले तर ते हेच.

आता ३२ च्या प्रश्नाकडे. गुणसूत्रं सेंट्रोमियरवरून (तर्कूचा धागा पकडतो ती जागा) मोजतात, डीएनएच्या रेणूंवरून नाही. जी-१ मध्ये (एस अवस्थेआधी) १६ गुणसूत्रं, प्रत्येकात डीएनएचा एक दुहेरी रेणू. एस अवस्था संपली की रेणू ३२ होतात, पण प्रत्येक जोडी कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेली असते, सेंट्रोमियरच्या जागी तर विशेष घट्ट. म्हणून गुणसूत्रं १६, क्रोमॅटिड ३२. अ‍ॅनाफेज सुरू होताना सेपरेज हे एन्झाइम कोहेसिन कापतं. त्या क्षणापासून पेशीत ३२ गुणसूत्रं, आणि शेवटी टेलोफेजला दोन्हीकडे सोळा-सोळा.

डीएनएचं प्रमाण वेगळं मोजतात. कांद्याच्या जी-१ केंद्रकात सुमारे ३३.५ पिकोग्रॅम डीएनए असतो, जी-२ मध्ये ६७. माणसाच्या पेशीच्या जवळपास पाचपट. कांदाच का वापरतात याचं हे एक कारण: गुणसूत्रं थोडी आणि भलीमोठी. ज्वारीची २० गुणसूत्रं इतकी बारीक की तिसऱ्या वर्षाच्या सूक्ष्मदर्शकात हात टेकावे लागतात.

यावरून एक गणित वहीत करून बघा, डीएनएची रचना पक्की डोक्यात बसते. १ पिकोग्रॅम म्हणजे सुमारे ९७.८ कोटी बेस जोड्या. ३३.५ ने गुणा, साधारण ३,३०० कोटी. दोन लागोपाठच्या जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. म्हणजे एका जी-१ केंद्रकात सुमारे ११ मीटर डीएनए. भागिले १६, सरासरी एका गुणसूत्रात ७० सेंटिमीटर. तो तुमच्या स्लाइडवर दहा-बारा मायक्रोमीटरच्या काडीत बसलेला दिसतो.

आता हे ७० सेंटिमीटर कॉपी कसे होतात ते बघा. एका गुणसूत्रात सुमारे २०० कोटी जोड्या. मधोमध एकच सुरुवातीची जागा असती आणि दोन फाटे दोन दिशांना गेले असते, तर प्रत्येक फाट्याला १०० कोटी जोड्या कॉपी कराव्या लागल्या असत्या. सेकंदाला ५० चा वेग धरला (वनस्पतीत याहून कमीच असतो) तर दोन कोटी सेकंद, म्हणजे २३० दिवस. प्रत्यक्षात एस अवस्था उरकते काही तासांत. म्हणून प्रत्येक गुणसूत्रावर हजारो जागी सुरुवात होते, आणि त्याही सगळ्या एकदम नव्हे: जनुकांनी भरलेले सैल भाग आधी, सेंट्रोमियरजवळचे घट्ट भाग उशिरा. तोंडी परीक्षेत "युकॅरिओटमध्ये अनेक ओरिजिन का" विचारलं तर हे गणित सांगा, व्याख्या नको.

आणि मुळाग्रांचा डीएनएच्या प्रतिकृतीशी संबंध फक्त पुस्तकातला नाही. टेलर, वूड्स आणि ह्यूज यांनी १९५७ साली बाकल्याच्या (व्हिसिया फाबा, १२ गुणसूत्रं) मुळाग्रांना खूण म्हणून किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) दिलं, मग ते धुऊन साध्या कोल्चिसिन द्रावणात मुळं ठेवली. पहिल्या मेटाफेजला दोन्ही क्रोमॅटिडांवर खूण होती. ज्या पेशीत कोल्चिसिनमुळे २४ गुणसूत्रं झाली होती, म्हणजे जिने खूण नसलेल्या माध्यमात आणखी एकदा डीएनए दुप्पट केला होता, तिच्यात प्रत्येक गुणसूत्राचा एक क्रोमॅटिड खुणेचा आणि एक बिनखुणेचा. जुना एक धागा, नवा एक धागा. मेसेल्सन आणि स्टाल यांचा ई. कोलायवरचा प्रयोग त्याच्या पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. टेलर यांच्या प्रयोगात कोल्चिसिनने घड्याळाचं काम केलं हे मला फार सुंदर वाटतं: १२ दिसले तर एक फेरी, २४ दिसले तर दोन.

टीवाय_बॉटनी

खूप आभार. एचसीएल दिव्यावरच गरम करत होते, ते बदलते. एक शंका. मुळं सकाळी ८ ते ९ मध्येच कापायची असं प्रयोगवहीत लिहिलंय. त्या वेळेला एवढं महत्त्व का? आणि कोणी त्या दोन समांतर धाग्यांबद्दल सांगेल का?

फॉयल्गेन

वेळेबद्दल. चक्र १७ तासांचं असेल तर ते रोज २४ तासांच्या घड्याळाशी जुळत नाही, त्यामुळे "८ वाजता मेटाफेज" असा नियम कांद्याच्या पेशींना लागू व्हायचं कारण नाही. मुळाग्रातल्या पेशी एका तालात चालतही नाहीत. तरी सकाळी कापणं इथे फायद्याचं ठरतं, कारण रात्रभर पाणी गार राहिलेलं असतं आणि मुळं जोमात असतात. पाण्याचं तापमान दिवसभर २२ ते २४ राखता आलं तर दुपारी कापलं तरी फरक पडू नये. दोन्ही वेळी कापून मोजा, प्रकल्पात एक चांगला तक्ता वाढेल.

रंगाबाबत मी कार्मिन४५ यांच्याशी थोडा असहमत आहे. तुकडे आणि पूल मोजायचे असतील तर अ‍ॅसिटोकार्मिनवर विसंबू नका, फॉयल्गेन करा. कार्मिन केंद्रिकेला (केंद्रकातली आरएनएयुक्त गोळी) आणि पेशीद्रवालाही कमी-जास्त रंगवतो, मग सुटा तुकडा आणि रंगाचा कण यांतला फरक सांगता येत नाही. फॉयल्गेन फक्त डीएनएला रंगवतो, आणि का रंगवतो हे डीएनएच्या रचनेतच आहे. ६० अंशांच्या आम्लाने अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन हे प्युरीन बेस साखरेपासून सुटतात. मोकळ्या झालेल्या डीऑक्सिरायबोजचं कडं उघडून अल्डिहाइड गट तयार होतो, आणि शिफचं रंगहीन द्रावण त्या गटाशी जुळून किरमिजी-जांभळं होतं. आरएनएच्या साखरेत दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, तिथे याच आम्लात ही क्रिया होत नाही. म्हणून केंद्रिका बिनरंगाची राहते.

यात आम्लाची मिनिटं कार्मिनपेक्षाही काटेकोर पाळावी लागतात. ८ ते १० मिनिटांनी रंग सर्वांत गडद येतो. त्याआधी काढलं तर अल्डिहाइड पुरेसे तयार झालेले नसतात. पंधरा-वीस मिनिटं ठेवलं तर बेस गेलेला डीएनए तुटून स्वतःच द्रावणात निघून जातो. दोन्ही वेळा स्लाइड फिकीच, त्यामुळे चूक कोणती ते रंगावरून कळत नाही. नवीन बॅच असेल तर ६, ८, १० आणि १२ मिनिटांची एकेक मुळी काढून बघा. आम्लानंतर गार पाण्यात बुडवून क्रिया थांबवा, मग शिफमध्ये अंधारात एक तास. टोकाचे दीड-दोन मिलिमीटर गर्द जांभळे होतात, बाकी मूळ पांढरं. तेवढंच कापून ४५ टक्के अ‍ॅसिटिकमध्ये दाबा. शिफचं द्रावण बाटलीत गुलाबी दिसत असेल तर सल्फर डायऑक्साइड उडून गेलाय, वापरू नका. उन्हाळ्यात झाकण सैल राहिलं तर काही दिवसांतच ही गत होते.

तुटकी_भुजा

आता दोन धाग्यांचं. आधी खोटे पूल बाजूला काढा. चिकटपणामुळे झालेला पूल जाड, धूसर असतो, सगळ्या गुणसूत्रांची टोकं एकमेकांना लागलेली दिसतात आणि सुटा तुकडा नसतो. उष्णता, जड धातू, जास्त तीव्र द्रावण यांनी असं होतं. दाबताना कव्हरस्लिप सरकली असेल तर एका भागातल्या सगळ्या पेशी एकाच दिशेला ओढलेल्या दिसतात. खरा पूल बारीक, कडा स्वच्छ, एका ध्रुवाकडच्या भुजेपासून दुसऱ्या ध्रुवाकडच्या भुजेपर्यंत सलग रंगलेला. बाजूला तुकडा असेल तर शंका उरत नाही. तुमच्या वर्णनातली पेशी खरी वाटते.

त्याचा अर्थ असा. दोन गुणसूत्रं तुटली आणि सेंट्रोमियर असलेले त्यांचे दोन भाग तुटक्या टोकांनी एकमेकांना जोडले गेले, की दोन सेंट्रोमियरचं गुणसूत्र तयार होतं. उरलेल्या भुजांच्या तुकड्याला सेंट्रोमियर नसतं, तर्कूचा धागा त्याला पकडू शकत नाही, तो मध्येच कुठेतरी तरंगत राहतो. अ‍ॅनाफेजला एका क्रोमॅटिडची दोन सेंट्रोमियर विरुद्ध ध्रुवांकडे खेचली गेली की मधला भाग ताणला जातो. तोच पूल.

पूल एक की दोन, यावरून तूट कधी झाली ते कळतं. जी-१ मध्ये, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधी, गुणसूत्र तुटून चुकीचं जोडलं गेलं तर एस अवस्था त्या चुकीचीही इमानेइतबारे प्रत काढते. मग दोन्ही बहीण-क्रोमॅटिड दोन सेंट्रोमियरचे, आणि पूल दोन. तूट एस नंतर, जी-२ मध्ये झाली तर साधारणपणे एकच क्रोमॅटिड तुटतो आणि पूल एक. एक अपवाद लक्षात ठेवा: दोन्ही बहीण-क्रोमॅटिड एकाच जागी तुटून त्यांची टोकं एकमेकींना चिकटली तरी एकच पूल दिसतो.

क्ष-किरण किंवा गॅमा किरणं दुहेरी धागा थेट तोडतात, त्यामुळे पेशी ज्या अवस्थेत असेल त्याप्रमाणे दोन्ही प्रकार मिळतात. बहुतेक रसायनांचं तसं नाही. ती बेसला चिकटतात किंवा एकाच धाग्याला इजा करतात, आणि खरी तूट होते ती प्रतिकृतीचा फाटा त्या जागी येऊन अडकतो तेव्हा. म्हणून रसायनांमुळे पहिल्या विभाजनात मुख्यतः एका क्रोमॅटिडची तूट दिसते.

इथे तुमच्या प्रयोगाची मर्यादा येते. सांडपाण्यात मुळं किती वेळ होती? दोन-तीन दिवस असतील तर त्या पेशी तीन-चार वेळा विभागल्या असतील. पहिल्या फेरीत एका क्रोमॅटिडचा झालेला दोष पुढच्या फेरीत दुप्पट होऊन दोन्ही क्रोमॅटिडांवर दिसतो. त्यामुळे दोन समांतर पुलांवरून "तूट जी-१ मध्ये झाली" असं तुम्हाला लिहिता येणार नाही. ते लिहायचं असेल तर मुळं आधी साध्या पाण्यात वाढवा, मग ४ ते ६ तास सांडपाण्यात, आणि पुन्हा साध्या पाण्यात ठेवून वेगवेगळ्या तासांनी कापा, सगळं एका चक्राच्या आत.

पुलाचं पुढे काय होतं तेही शोधा. तो बहुधा तुटतो, आणि तुटक्या टोकाला टेलोमियर, म्हणजे गुणसूत्राचं नैसर्गिक टोक, नसतं. असं उघडं टोक डीएनए दुप्पट झाल्यावर आपल्याच बहिणीच्या टोकाला जोडलं जातं आणि पुढच्या अ‍ॅनाफेजला पुन्हा पूल. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात हे चक्र १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं, आणि गुणसूत्राच्या नैसर्गिक टोकात काहीतरी संरक्षक असलं पाहिजे हे त्यातूनही पुढे आलं. सुटे तुकडे मात्र पुढच्या इंटरफेजमध्ये मुख्य केंद्रकाशेजारी छोट्या गोळीसारखे दिसतात, त्यांना सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. तीही वेगळ्या रकान्यात मोजा. व्यास मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी, रंगाची गडदता तितकीच, आणि कडा पूर्ण सुटी, या तिन्ही अटी बसल्या तरच.

जुळे_सोलापूर

सांडपाण्याबद्दल एक सावधगिरी. चादरी-टॉवेलच्या सुताला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना मीठ आणि सोडा अ‍ॅश भरपूर घालतात. त्यामुळे मुळं खुंटली तर ती रंगाने खुंटली की नुसत्या क्षारांनी आणि अल्कतेने, हे कसं ठरवणार? तीन नियंत्रण संच ठेवा: साधं पाणी, सांडपाण्याइतकीच विद्युतवाहकता येईल एवढं मीठ घातलेलं पाणी, आणि सांडपाण्याइतका सामू केलेलं पाणी. चौथा संच ज्याने तूट नक्की होते अशा द्रव्याचा, मॅलिक हायड्राझाइडचा, अगदी विरल. त्या संचातही पूल-तुकडे दिसले नाहीत तर दोष तुमच्या स्लाइडमध्ये आहे, सांडपाण्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

सांडपाणी थेट वापरू नका. आधी १०, २५, ५० टक्के अशा विरलतेत मुळांची लांबी मोजा आणि साध्या पाण्याच्या निम्मी वाढ होते ती तीव्रता शोधा. गुणसूत्रांचं निरीक्षण त्या तीव्रतेवर आणि त्याहून कमीवर. त्याच्या वर विभाजनच इतकं घटतं की मोजायला अ‍ॅनाफेज उरत नाहीत.

टीवाय_बॉटनी

मुळं ७२ तास होती, म्हणजे समांतर पुलांचा निष्कर्ष काढून टाकते. किती पेशी मोजायच्या?

तुटकी_भुजा

विभाजन निर्देशांकासाठी (विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण) प्रत्येक मुळाच्या १००० पेशी, प्रत्येक संचात किमान पाच वेगवेगळ्या कांद्यांची एकेक मुळी. एकाच कांद्याच्या पाच मुळ्या घेतल्या तर ती एकच नोंद धरायची. पूल-तुकड्यांची टक्केवारी काढताना भाजक म्हणून सगळ्या पेशी नव्हे, फक्त अ‍ॅनाफेज आणि टेलोफेज घ्या. प्रत्येक संचात निदान १०० मिळेपर्यंत मोजत राहा. स्लाइडवर कोणता संच आहे ते दुसऱ्या कोणाला तरी झाकायला सांगा आणि मोजून झाल्यावरच उघडा. मोजायला दोन दिवस लागणार असतील तर कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करून स्लाइड फ्रिजमध्ये आडव्या ठेवा. उघड्या राहिल्या तर आपल्या उन्हाळ्यात अ‍ॅसिटिक तासाभरात सुकतं आणि कडेकडेने हवेचे बुडबुडे आत शिरतात.

फॉयल्गेन

आणि ज्या पेशीत पूल दिसला तिचा मेकॅनिकल स्टेजवरचा आडवा-उभा आकडा वहीत लगेच लिहा. चाळीसच्या लेन्सखाली फोटो काढून ठेवा, पण शंभरच्या तेलाच्या लेन्सखाली फोकस वर-खाली करून धागा एकाच पातळीत सलग आहे का हे डोळ्यानेच बघा. एकमेकांवरून गेलेल्या दोन लांब भुजा फोटोत हुबेहूब पुलासारख्या दिसतात. फोकस फिरवला की एक भुजा आधी धूसर होते, दुसरी नंतर.

टीवाय_बॉटनी

आकडा लिहिला होता, म्हणून ती पेशी परत सापडली. तेलाच्या लेन्सखाली पाहिलं. दोनपैकी एक धागा फोकस फिरवल्यावर मध्येच तुटतो आणि त्याचं टोक खालच्या पातळीवर जातं. दुसरा सलग आहे, तुकडाही स्वच्छ आहे. म्हणजे एकच पूल धरू ना?

तुटकी_भुजा

हो, एक पूल, एक सुटा तुकडा. दुसरी भुजा "मागे राहिलेली, पूल नाही" अशी शेऱ्यात लिहा.